मछलीपट्टणची रेल्वे आणि बाचं वय

लिहायच्या आधीच माफी मागून ठेवतो. प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं पुष्कळ फिरलेली असतात. मी एकदाच मुदखेडहून मछलीपट्टणला गेलो आणि परत आलो. त्याआधी मी रेल्वेनं सगळ्यात लांब गेलो होतो तो धर्माबादला, आत्याकडे. आमच्या घरात कागदावर काही लिहिणारा मीच पहिला, त्यामुळे कुठं चुकतंय हे सांगणारं घरात कुणी नाही. बाला वाचून दाखवलं तर तो म्हणेल, "हाव, झकास." त्याचा काही उपयोग नाही. पण इतिहासाच्या सरांनी सांगितलं, गेलास तर लिही. म्हणून लिहितो.

मी नांदेडला कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. करतो. माझा बा, किसन, मुदखेडला रेल्वेत गँगमन आहे. गँगमन म्हणजे रूळ सांभाळणारा. हातोडा घेऊन रोज ठरलेला पल्ला चालायचा, सैल झालेलं घट्ट करायचं, खचलेल्या जागी खडी भरायची. त्याच्या नोकरीच्या कागदावर जन्मतारीख एक जानेवारी अशी आहे. त्या हिशेबानं तो येत्या एकतीस डिसेंबरला निवृत्त होणार होता. बाचं म्हणणं, आपण कागदापेक्षा तीन वर्षांनी लहान आहोत. सिकंदराबादच्या मोठ्या कचेरीतल्या हेडक्लार्कनी पत्रानं कळवलं, "पुरावा आणा."

एरवी बानं हे सोडून दिलं असतं. पण यंदा पाऊस झाला नाही. आमच्या गावची विहीर दसऱ्यालाच आटली. मुदखेडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांसाठी मात्र आठवड्यातून दोनदा गाडीला जोडून पाण्याच्या टाकीचा डबा येतो आणि घरटी सहा घागरी मिळतात. नोकरी गेली की क्वार्टर गेलं आणि क्वार्टर गेलं की घागरी गेल्या. उन्हाळा अजून पुढं होता. आमच्या घरात आई, दोन बहिणी आणि बा. त्यामुळे बाचा जन्म कधी झाला हा आमच्याकडे पाण्याचा प्रश्न होता.

लातूर

बाचं गाव ज्या तालुक्यात आहे तो तालुका बाच्या जन्माच्या वेळी बिदर जिल्ह्यात होता. नंतर तो उस्मानाबादेत गेला. आता लातूरचा नवा जिल्हा झाला, तर तो लातुरात आला. माणूस एकाच झोपडीत जन्मला, पण तीन जिल्ह्यांचा झाला. पूर्वी गावातले जन्ममृत्यू कोतवालाच्या बुकात लिहीत. ती बुकं तालुक्याच्या दप्तरातून नव्या जिल्ह्यात गेली असं कळलं, म्हणून मी एसटीनं लातूरला गेलो.

मी ज्या कचेरीत गेलो तिथं भिंतींना चुन्याचा वास होता. जिकडेतिकडे नव्या पाट्या. एका पाटीवर 'पिण्याचे पाणी' असं सुंदर अक्षरात लिहिलं होतं आणि तिच्याखाली कोरडा माठ होता. आतल्या खोलीत जमिनीपासून खिडकीपर्यंत गठ्ठे. लाल फडक्यात बांधलेले, सुतळीनं आवळलेले.

कारकून माझ्या बाच्या वयाचे होते, म्हणजे नक्की किती ते मी सांगू शकत नाही. ते म्हणाले, "आलं असंल तर ह्याच्यात हाय."

"मग सोडून बघा ना साहेब."

"सोडायला हुकूम लागतो. हुकूम आला की सुतळी सुटंल."

"हुकूम कधी येईल?"

त्यांनी गठ्ठ्यांकडे शांतपणे पाहिलं. "तेबी ह्यातल्याच एखाद्यात असंल."

बाहेर चहाच्या गाड्यावर बसलो. डाळ मिलची धूळ हवेत होती. शेतं उजाड होती, पण कुठून कुठून आलेली तूर भरडली जात होती. चहावाला खुशीत होता. "जिल्हा झाला बघा. आता छोटी रेल्वे जाऊन मोठी येनार. लातूरची डाळ थेट समुद्रापर्यंत जाईल."

मी भीत भीत विचारलं, "आणि पाणी?"

"पानीबी रेल्वेनंच येईल!" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. बाकावरचे सगळे हसले. मलाही हसू आलं, पण मुदखेडचा डबा आठवून मी ते आवरलं.

मुदखेड

बाला एक गोष्ट आठवत होती. तो पोरगा असताना तिकडं मछलीपट्टणकडे वादळानं रेल्वेचा रूळ वाहून नेला होता. एक मिस्त्री आमच्या भागात येऊन माणसं गोळा करून घेऊन गेला. माझा आजा धोंडिबा आणि बा दोघंही गेले. चार महिने काम केलं. रेल्वेच्या कामावर बाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते तिथं.

"बा, तू तवा किती वर्सांचा होतास?"

"मला काय ठावं? टिकाव उचलाया येत होता."

"आन् दाढीमिशा?"

"न्हाई न्हाई. मिस्त्री मला पोट्टा म्हनायचा."

म्हणजे चौदा-पंधरा. ते तिथल्या हजेरीबुकात असेल तर काम झालं. पण मुदखेडच्या गँगमनच्या पोराला कोण जुनी बुकं दाखवणार? मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कॉलेजच्या कागदावर मराठीत आणि इंग्रजीत पत्र दिलं की आमचा विद्यार्थी मछलीपट्टण बंदराच्या रेल्वेच्या इतिहासाचा अभ्यास करून राहिला आहे, त्याला सहकार्य व्हावं. म्हणजे सरांनी 'करीत आहे' असंच लिहिलं होतं. सही करून ते म्हणाले, "आता खरोखर अभ्यास कर, म्हणजे मी खोटा पडणार नाही."

बानं त्याचा रेल्वेचा फुकटचा पास माझ्यासाठी काढला. अशा पासावर तो स्वतः कधी निजामाबादच्या पुढं गेला नव्हता. आईनं ज्वारीच्या दहा भाकरी, ठेचा आणि एक रिकामी बाटली दिली. बाटली समुद्राच्या पाण्यासाठी. आपल्याकडे पाणी नाही म्हणून नव्हे, शेजारणींना दाखवायला.

मछलीपट्टण, पहिला दिवस

मधला प्रवास सोडून देतो. सिकंदराबादला लहान रुळावरून उतरून मोठ्या रुळावर चढलो, एवढंच त्यात घडलं. विजयवाड्याच्या पुढं उजाडलं तेव्हा मी खिडकीत होतो. दोन्ही बाजूंना हिरवं भात आणि रुळाच्या कडेनं भरलेला कालवा. पाणी नुसतं पडून होतं, कुणी राखण करत नव्हतं. एक माणूस त्यात म्हैस धूत होता. मी डब्यात इकडेतिकडे पाहिलं, पण कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

या गावाला तिकडं सगळे नुसतं बंदर म्हणतात. स्टेशनमास्तर नवे होते. त्यांनी सरांचं पत्र दोनदा वाचलं आणि शिपायाबरोबर मला सुब्बाराव नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाठवलं. सुब्बाराव रूळ-दुरुस्तीच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. कचेरी साफ करताना जुनी बुकं जाळायला काढली होती, ती त्यांनी परवानगी घेऊन घरी नेली होती. काही वर्षं हैदराबादेत नोकरी केल्यामुळे त्यांना आपल्यासारखी दखनी हिंदी येत होती.

"क्या होना तुमको?"

"जी, रेल्वे का इतिहास."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. खरं कारण सांगायची तीच वेळ होती. मी ती घालवली.

त्यांनी मला खुर्ची दिली आणि सकाळी नऊपासून सुरुवात केली. फार पूर्वी हे मोठं बंदर होतं, गोवळकोंड्याचं. इथलं छापील कापड पार इराणपर्यंत जायचं. तेव्हा रेल्वे नव्हती, बैलगाड्या होत्या. मग कालवा आला, माल नावेतून यायला लागला. मग व्यापारी म्हणाले, रेल्वे पाहिजे. अर्ज केले, पुन्हा अर्ज केले. तोवर किनाऱ्याला गाळ भरत होता आणि जहाजं दूर दूर उभी राहायला लागली होती. शेवटी रेल्वे आली. लहान रुळाची. आणि हे सांगताना ते उभेच राहिले. त्या काळी तिकडं गोव्याच्या समुद्रापासून इकडं या समुद्रापर्यंत एकाच मापाचा रूळ होता. डबा न बदलता एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे.

"फिर?" मी विचारलं.

"फिर क्या? रेल आई, जहाजां चले गए." खोल पाण्याची दुसरी बंदरं झाली, मद्रास होतंच, विशाखापट्टणही झालं. "लोगां बोलते, जहाजां रेल को देख के डर गए." पुढं रूळ रुंदही झाला. आता मोठी गाडी येते, पण माल घ्यायला कुणी उभं नसतं.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. मला लातूरचा चहावाला आठवत होता. त्याला हे सांगावं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

दुपारी त्यांच्या घरात जेवायला बसलो. मला केळीच्या पानावर वाढलं. मी पानाकडे बघत राहिलो. आम्ही बौद्ध. बाच्या लहानपणी गावात त्याला कुणी भांड्यात वाढत नसे, पानावर नाहीतर ओंजळीत. मी सकाळी माझं पूर्ण नाव सांगितलं होतं. मनात आलं, इकडं इतक्या लांब येऊनही आडनावावरून कळलं कसं? तेवढ्यात सुब्बाराव आले, त्यांचा मुलगा आला, सून लेकराला घेऊन आली, आणि सगळ्यांसमोर पानं मांडली गेली. तिकडं पाहुणा आला की सगळेच पानावर जेवतात. मी इतका ओशाळलो की तीनदा भात घेतला.

भातासोबत हिरवी आंबट चटणी होती. ते तिला गोंगुरा म्हणत होते आणि मला समजावून सांगत होते की ही फक्त आंध्रात मिळते. मी खाल्ली तर ती आपली अंबाडी! आई रानातून पदर भरून आणते ती. मी म्हणालो, "आमच्याकडंही असते." कुणाचा विश्वास बसला नाही. मी वाद घातला नाही, पाहुणा होतो.

जेवण झाल्यावर पाण्याचा तांब्या आला तेव्हा सुनेनं सांगितलं, "मंची नीळ्ळु." म्हणजे गोडं पाणी. घरच्या विहिरीचं खारट आहे, हे नळावरून रांग लावून आणलंय. एवढा कालवा, एवढा समुद्र, आणि बायका घागरी घेऊन रांगेत. मला फार घरच्यासारखं वाटलं.

दुसरा दिवस

सकाळी सुब्बारावांनी मला किनाऱ्यावर नेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. निळा वगैरे नव्हता. आमच्या गावच्या तळ्यासारखाच गढूळ, फक्त पलीकडचा काठ नव्हता. मी चव घेऊन पाहिली, मग आईची बाटली भरायला पुढं गेलो, तर चिखलात माझी डावी चप्पल रुतली आणि लाटेनं नेली. सुब्बाराव म्हणाले, "बंदर में बहुत दिन बाद कुछ माल गया."

तिथंच मला सांगावंसं वाटलं. एका पायात चप्पल असताना माणसाला फार खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, "साब, मैं इतिहास के वास्ते नहीं आया. मेरे बाप की उमर ढूँढने आया." मग बाचं, पाण्याच्या डब्याचं, एकतीस डिसेंबरचं, सगळं सांगितलं.

ते वळून घराच्या वाटेला लागले. मला वाटलं, रागावले. आठ वर्षांनी मिळालेला श्रोता खोटा निघाला होता. मग म्हणाले, "कल बोलना था ना. वो तूफान का मस्टर है मेरे पास."

घरी येऊन त्यांनी पेटीतून एक लांबट बुक काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या. पानं सावकाश उलटत ते वादळाच्या दुरुस्तीपर्यंत आले. इंग्रजीत नावं होती आणि नावापुढं शाईचे अंगठे. मी बोट फिरवत खाली आलो. आणि सापडलं. किसन, वडील धोंडिबा. माझ्या बाचं नाव, माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी, समुद्राच्या काठी. अंगठा लहान होता.

पुढच्या रकान्यात वय होतं. अठरा.

मी मनात आकडेमोड केली. तेव्हा अठरा, म्हणजे बा कागदापेक्षा लहान नाहीच, उलट वर्षभर मोठा. म्हणजे तो गेल्या वर्षीच निवृत्त व्हायला हवा होता. पुरावा आणायला मी एवढ्या लांब आलो होतो आणि तो मिळाला होता. बुक मिटावं आणि काही सापडलं नाही म्हणून सांगावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

सुब्बाराव चष्मा पुसत म्हणाले, "ऊपर देखो."

वरच्या ओळीत धोंडिबा. माझा आजा. वय, अठरा.

मी त्याच्याही वर पाहिलं. अठरा. खाली पाहिलं. अठरा. त्या पानावर एकतीस माणसं होती आणि एकतीसच्या एकतीस अठरा वर्षांची.

"अठारा से कम को काम पर नहीं लेते थे," सुब्बाराव म्हणाले. "और मिस्त्री को एकीच उमर लिखने आती थी." त्यांना हसू फुटलं होतं. "तुम्हारे दादा और बाप एक दिन में जवान हुए, बाबा."

माझ्या आजाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तो मी पाहिलेला नाही. त्याचा अंगठा रुंद होता, मधून चीर गेलेली. मी त्याच्यावर माझा अंगठा ठेवून पाहिला. मग सुब्बाराव बघत आहेत हे लक्षात आलं आणि काढून घेतला.

आता प्रश्न असा होता की न्यायचं काय. नुसती बाची ओळ नेली तर बाची नोकरी त्याच दिवशी गेली. काहीच नेलं नाही तर एकतीस डिसेंबरला गेली. मी सुब्बारावांना विचारलं. ते म्हणाले, "दो दिन से इतिहास इतिहास करते तुम. इतिहास आधा नहीं ले जाते. पूरा पन्ना उतारो."

मी दुपारभर बसून एकतीस नावं, एकतीस अठरा आणि वडिलांची नावं उतरवली. सुब्बारावांनी ओळ न् ओळ ताडून पाहिली. स्टेशनमास्तरांनी मूळ बुक पाहून नकलेवर शिक्का मारला. निघताना सुब्बाराव म्हणाले, इतिहास पुरा लिहून झाला की एक प्रत पाठव. मी हो म्हणालो. हे लिहायचं तेही एक कारण आहे, फक्त त्यांना मराठी येत नाही.

परतीला

खम्ममच्या आसपास शेजारच्या एका काकांना तहान लागली. मी झोपेत होतो, त्यांनी माझ्या पिशवीतली बाटली घेतली. त्यांचं ओरडणं ऐकून मी उठलो. समुद्र होता तो, मी म्हणालो. ते पुढं सिकंदराबादपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. अर्धी बाटली उरली ती आईला दिली. तिनं ती क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला दाखवली.

सिकंदराबादला उतरून मी तसाच अनवाणी मोठ्या कचेरीत गेलो. उरलेली एक चप्पल पिशवीत होती, टाकून द्यायचा धीर झाला नव्हता. हेडक्लार्कनी नक्कल हातात घेतली. ते वाचत खाली आले, पुन्हा वर गेले.

"धोंडिबा कोण?"

"आजा, सर."

"आजा अठरा, बाप अठरा?" त्यांनी शेजारच्या टेबलाला हाक मारली. तिथून दुसरे आले, मग तिसरे. पान टेबलाटेबलावरून फिरलं. सगळी कचेरी हसत होती. एकजण म्हणाला, "पहले दादा को रिटायर करो!" मी हसावं की नाही हे मला कळेना, म्हणून मी उभा राहिलो.

हसणं थांबल्यावर हेडक्लार्क मात्र गंभीर झाले. त्यांनी बाचा नोकरीचा कागद मागवला आणि एक जानेवारीवर बोट ठेवलं. "ही तारीख कुणी सांगितली?"

"माहीत नाही, सर. गँगच्या मिस्त्रीनं सांगितली असेल."

"गँगमधल्या बाकीच्यांची?"

"सगळ्यांचीच एक जानेवारी आहे, सर."

ते "हं" म्हणाले. हजेरीबुकाची नक्कल त्यांनी फाईलला टाचली. "वर्ष आम्ही बदलू शकत नाही, त्याला पुरावा नाही. पण तारखेलाही पुरावा नाही, हे तुम्ही चांगलं सिद्ध केलंत. तारीख माहीत नसेल तर काय धरायचं, त्याचा नियम आहे. बघतो."

काय नियम, ते विचारायचं मला सुचलं नाही. बाहेर आल्यावर सुचलं. परत आत जायचं धाडस झालं नाही.

नांदेड

मी हॉस्टेलवर आलो. बाला निरोप पाठवला की कागद दिलाय. आठ दिवस गेले, दहा गेले. क्वार्टर खाली करायची नोटीस आली होती. आईनं भांडी पोत्यात भरायला घेतली होती. मुदखेडकडून येणारी पॅसेंजर संध्याकाळी नांदेडला थांबते, तेव्हा मी रोज स्टेशनवर जात होतो, कारण बा निरोप पाठवणार तो गाडीच्या माणसांबरोबरच.

वर्ष संपायला चार दिवस होते. गाडी थांबली आणि गार्डसाहेबांनी मला डब्यातूनच हाक मारली.

"किसनचा पोरगा ना तू?"

"हाव."

"कागद आला सिकंदराबादचा. तारीख ठाऊक नसली तर एक जुलै धरायची म्हनं, असा नियम हाय. तुझा बा आता जानेवारीत न्हाई, जुलैत जन्मला. जूनअखेर नोकरी."

मला एकदम काही समजेना. "म्हणजे तीन वर्षं नाहीत?"

"तीन न्हाईत. सहा महिने."

त्यांनी झेंडा बाहेर काढला. बाची आई त्याला सांगायची म्हणे की तू कापूस वेचायच्या दिवसांत झालास. म्हणजे जुलैही चूकच. गाडीनं शिट्टी दिली. मी डब्याबरोबर चालायला लागलो.

"बा काही म्हणाला का?"

"म्हनला ना," गार्डसाहेब दारातून वाकून ओरडले. "पोराला सांगा, उन्हाळा निघतो म्हनावं."